जुलैत जमीन टणक असते

शुक्रवार, ९ जानेवारी १९८१, दुखान

कंपनीने यंदा सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. काही चांगलं घडेल तेव्हाच पहिलं पान लिहायचं असं मी ठरवलं होतं. आठ दिवस कोरे गेले. आज घडलं.

ड्रमंड साहेबांनी बंगल्यावर बोलावलं. साहेब आमच्या गॅरेजचे मुख्य, मार्चअखेर रिटायर होणार. मला वाटलं काहीतरी बिघडलं असेल, म्हणून पाने-पकड घेऊन गेलो. तर टेबलावर आफ्रिकेच्या खालच्या टोकाचा नकाशा पसरलेला. कंपनीने लिलावात काढलेली एक जुनी लँडरोव्हर साहेबांनी घेतली आहे. ती बोटीने डर्बन बंदरात उतरवायची आणि तिथून वाळवंट, मिठाची मैदानं, जंगल ओलांडत बोट्स्वाना देशातल्या माऊन गावापर्यंत जायचं. डांबर थोडं, बाकी सगळा फोर-व्हीलचा रस्ता. सोबत मेकॅनिक पाहिजे. येतोस का, म्हणाले.

खरी गोष्ट पुढेच आहे. माऊनला साहेबांच्या मित्राचं गॅरेज आहे. त्याला माणूस हवाय आणि नोकरीबरोबर दोन खोल्यांचं घर मिळतं. बायको-मुलं आणता येतात. इथे आमच्यासारख्याला फॅमिली व्हिसा मिळत नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, आधी मुंबईचं गॅरेज, मग सात वर्षं हे कतार. तानूबाईसोबत राहिलेले दिवस जोडले तर दोन वर्षंही भरणार नाहीत. आणि फुला सोळाची झाली. आज ना उद्या सासरी जाईल. त्याआधी एक वर्ष तरी तिघांनी एका घरात जेवावं, एवढंच माझं मागणं आहे.

साहेबांनी मला काम दिलंय. कोणत्या महिन्यात निघावं ते शोधून काढायचं. दोन पुस्तकं आणि पावसाचा तक्ता दिला. इंग्रजी मला अडखळत येतं, पण आकडे कुठल्याही भाषेत आकडेच.

सोमवार, १२ जानेवारी

तक्ता छापताना चुकलाय. डिसेंबर-जानेवारीत धो धो पाऊस आणि जून-जुलैत शून्य. जुलैत पाऊस नाही असा मुलूख कुठे असतो का? मी सगळे आकडे सहा महिने पुढे सरकवले, स्वच्छ अक्षरात नवा तक्ता केला आणि साहेबांना नेऊन दिला. छापखान्याचा घोळ होता, मी दुरुस्त केला, असं वर सांगितलंही.

गुरुवार, १५ जानेवारी

हात दाखवून अवलक्षण. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी संत्रं हातात घेतलं, ते दिव्यासमोर कलतं धरलं आणि समजावलं की खालच्या अर्ध्या भागात सगळं उलटं असतं. आपला आषाढ तिकडे कोरडा खडखडीत. आपल्याकडे संक्रांत, तेव्हा तिकडे चिखल. चाळिशी उलटली आणि पृथ्वी कशी फिरते ते मला आत्ता कळलं.

रात्री ही सगळी गंमत तानूबाईला लिहिली. साहेबाने मला विचारलं, दुसऱ्या कोणाला नाही, हेही लिहिलं.

शनिवार, २४ जानेवारी

साहेबांनी माझा पासपोर्ट बघायला मागितला. पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असतो. आल्या दिवशी जमा केला तो केला. रहमानकडून मागवून घ्या म्हटलं. रहमान खेडचा, ऑफिसात क्लार्क आहे आणि आमच्याच खोलीत राहतो.

आज विचारलं, मिळाला का? हो म्हणाले, बघू. मग एकदम टायरांचं बोलणं काढलं. टायरांची त्यांना फार चिंता आहे.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

गाडीची चाचणी घ्यायला साहेब आणि मी सबख्यावर गेलो. सबखा म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला पसरलेली मिठाची सपाट जमीन. वरून पापडासारखी कडक, पांढरी. पाऊस होऊन बारा दिवस झाले होते. साहेब म्हणाले, वाळली असेल. मी बूट आपटून पाहिला, ठक्क वाजलं. अर्धा मैल आत गेलो आणि पापुद्रा फुटला. खाली काळा, खारट वासाचा चिखल. चारही चाकं धुऱ्यापर्यंत आत. फोर-व्हील लावलं तर चारही चाकं सारखीच फिरली आणि सारखीच बुडाली. फळ्या घालून, टायरांतली हवा काढून, चार तास झटून बाहेर आलो.

चिखल धुताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिकडे वाटेत मकाडीकाडी नावाची अशीच मिठाची मैदानं आहेत, पण या दुखानसारखी शंभर त्यात मावतील. पाऊस मार्चअखेर थांबतो. पुस्तक म्हणतं एप्रिलपासून जायला हरकत नाही. पुस्तक लिहिणारा बूट आपटून परत गेला असणार. वरचा पापड एप्रिलमध्ये वाळतो, पण खालचा चिखल वाळायला आणखी तीन महिने लागतात.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आयुष्यात पहिल्यांदा साहेबाशी वाद घातला. त्यांना एप्रिलचीच घाई. मी वही पुढे ठेवली. एप्रिल-मेमध्ये जमीन कच्ची आणि गवत माणूसभर उंच. गवताचं बी रेडिएटरमध्ये भरतं आणि इंजिन तापतं. ऑक्टोबरमध्ये ऊन असं की तिथली माणसंच त्या महिन्याला शिव्या देतात. नोव्हेंबरला पुन्हा पाऊस. राहिला जुलै. पहाटे थंडी कडाक्याची, पण आभाळ मोकळं. जनावरं पाण्याच्या कडेला येतात म्हणून दिसतात. आणि एक नवल असं, की दुसऱ्या देशात पडलेला पाऊस नदीने चालत चालत तेव्हा माऊनला पोचतो, म्हणजे वरून थेंब नाही आणि गावात पूर. हे वाचून मी तर खुळावलो.

साहेबांनी वही पहिल्या पानापासून उलटून पाहिली. मग म्हणाले, "जालिंदर, तुझं बरोबर आहे. जुलै." कंपनीकडून तीन महिने वाढवून घेतात.

सात वर्षांत गोऱ्या माणसाने माझं बरोबर आहे असं पहिल्यांदा म्हटलं. आज जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

रविवार, २२ फेब्रुवारी

दोन वर्षांतून एकदा मिळणारी माझी रजा १५ एप्रिलपासून होती. गॅरेजमधून एका वेळी एकच मेकॅनिक जाऊ शकतो. जुलैत मी इथून निघणारच, मग एप्रिलमध्ये घरी जाऊन येण्यात काय अर्थ? मे-जूनमध्ये गाडीचं काम कोण करणार? मी माझी पाळी संपतला लिहून दिली. संपत शेजारच्याच गावचा, त्याने वाकून नमस्कारच केला. रहमान म्हणाला, "लिहून देऊ नकोस रे, तोंडी ठेव." कोकणी माणूस, शंका काढायचीच.

मंगळवार, १० मार्च

घरचं पत्र आलं. बोलणं तानूबाईचं, अक्षर फुलाचं. लिहिते, "तिकडं जायला बरा महिना कोणता ते शोधताय, तर घरी यायला बरा महिना कोणता ते बी त्याच पुस्तकात बघा." तानूबाईला पहिल्यापासून थट्टेची सवय.

पुढे लिहिलंय, फुलाला स्थळ आलंय. मुलगा साखर कारखान्यात फिटर आहे. त्यांना वैशाखात उरकायचंय. त्याखाली एक ओळ लिहून इतकी खोडलीय की कागद फाटला. शुद्धलेखन चुकलं असेल पोरीचं.

उत्तर टाकलं. दिवाळीपर्यंत थांबवा. आधी आफ्रिका, मग लग्न.

शुक्रवार, १० एप्रिल

महिनाभर लिहायला सवड नाही. स्प्रिंगचे पाटे बदलले, दुसरी टाकी बसवली, रेडिएटरपुढे बी अडवायला बारीक जाळी लावली. सुट्टीच्या दिवशीही गाडीखालीच असतो.

साहेबांचा पुतण्या कॉलिन आलाय, खाडी बघायला. बावीस-तेवीसचा असेल. साहेब म्हणाले, याला गाडीतलं सगळं शिकव. शिकवतो. हुशार आहे, पण नट उलटा फिरवतो. काल मला विचारत होता की मकाडीकाडीवर टायरांत हवा किती ठेवायची. खाडी बघायला आलेल्याला त्याची काय गरज? पण विचारलं तर सांगावं, विद्या दिल्याने वाढते.

बुधवार, १५ एप्रिल

संपत गेला. त्याच्याबरोबर फुलासाठी अबोली रंगाचं कापड दिलं. फाटकापर्यंत पोचवायला गेलो. बस वळेपर्यंत थांबलो. उगीच.

बुधवार, ६ मे

प्रवासाचे कागद करणाऱ्या एजंटकडून माझा पासपोर्ट परत आला. सोबत चिठ्ठी, की या माणसाचं होणार नाही.

रहमानने पासपोर्ट उघडून मला ओळ दाखवली. छापील आहे. बाकी देशांना चालतो, फक्त दक्षिण आफ्रिकेला नाही. डर्बन तिथलंच. आपल्याच सरकारचा नियम आहे. तिथे काळ्या-गोऱ्याचा भेद चालतो, म्हणून आपल्या माणसाने तिथे पाऊलच टाकायचं नाही. नियमात चूक काढता येत नाही. चूक माझी आहे. जगाचा पाऊस वाचत बसलो आणि स्वतःचा पासपोर्ट वाचला नाही.

रहमानने पासपोर्ट मिटून माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "जानेवारीत साहेबांनी याच ओळीवर बोट ठेवून मला विचारलं होतं, हा नियम अजून आहे का. मी हो म्हटलं. मला वाटलं, त्यांनी तुला सांगितलं असेल."

साहेबांना कामाच्या गडबडीत विसर पडला असेल. वय झालंय त्यांचं.

शुक्रवार, ८ मे

बंगल्यावर गेलो. तोडगा काढून गेलो होतो. गाडी तुम्ही डर्बनहून आणा, मी विमानाने सरळ बोट्स्वानात उतरतो आणि सरहद्दीवर तुम्हाला भेटतो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, इन्शाल्ला.

या देशात सात वर्षं काढली. गोरा साहेब इन्शाल्ला म्हणतो तेव्हा पुढचं विचारायचं नसतं. तरी विचारलं, माऊनच्या नोकरीचं काय? म्हणाले, मित्राने सध्या कॉलिनला ठेवून घ्यायचं कबूल केलंय.

वही त्यांनी मागितली. दिली. नको कसं म्हणणार?

सोमवार, ११ मे

घरचं पत्र. मुलाकडचे दिवाळीपर्यंत थांबायला तयार नाहीत. २४ मेची तारीख धरलीय. कसंही करून या, असं फुलाने लिहिलंय. 'कसंही करून' याखाली दोन रेघा.

रजा मागायला ऑफिसात गेलो. संपत परत आल्याशिवाय दुसऱ्याला सोडता येत नाही, आणि त्यानंतर माझी पाळी पुढच्या एप्रिलला. माझ्याच सहीचा कागद माझ्यापुढे धरला. रहमानने खालच्या मानेनेच फाईल आणून दिली होती.

तार केली: रजा नाही, आफ्रिकेचं काम, लग्न उरका. पासपोर्टचं लिहिलं नाही. चार महिने आफ्रिका, आफ्रिका करून डंका पिटला, आता कोणत्या तोंडाने लिहू?

रविवार, २४ मे

मुहूर्त बारा पस्तीसचा. इथे तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं. सकाळी मेसमधून मूठभर तांदूळ खिशात टाकले होते. दहाला गाडीखालून बाहेर आलो, हात पुसले. पूर्वेला पाण्याची टाकी आहे आणि तिच्यापलीकडे भिंत. तिकडे तोंड करून उभा राहिलो आणि अक्षता टाकल्या. कॉलिनने विचारलं, काय करतोयस. सांगितलं, काही नाही.

मग परत गाडीखाली गेलो. एक पाटा पुन्हा आवळायचा होता. खाली बराच वेळ पडून राहिलो, तिथे कोणी तोंड बघत नाही.

रविवार, ७ जून

गाडी दोह्याच्या बंदरावर मीच नेली. कॉलिन शेजारी बसला होता. दोन तासांच्या वाटेत इंजिनने एकदाही कुरकुर केली नाही. माझ्या हातून इतकं चांगलं काम आजवर झालेलं नाही. क्रेनने उचलली तेव्हा पोटाखालचा प्रत्येक नट मला दिसत होता. सगळे घट्ट.

पुढच्या आठवड्यात साहेब विमानाने जातात. मला त्यांनी त्यांचा थर्मास दिला.

शुक्रवार, १९ जून

संपत आला. लग्नाला गेला होता. त्याने पत्रिका आणली, हळदीची बोटं लावलेली. खाली छापलंय, आपला नम्र, जालिंदर खंडू कवडे, आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे. गावभर मी आमंत्रणं केली आणि मीच गेलो नाही.

कन्यादान मेहुण्याने आणि त्याच्या बायकोने केलं. बुंदी कमी पडली नाही. फुला रडली नाही, असं संपत म्हणाला. मी पाठवलेल्या कापडाचं झंपर शिवून तिने आदल्या दिवशी, हळदीला घातलं होतं.

मी विचारलं, माझ्याबद्दल कोणी काही विचारलं का? संपत आधी बूट काढत बसला. मग म्हणाला, "भाऊ, वहिनींनी सगळ्यांना सांगितलं, फुलाचे वडील आफ्रिकेत पोचलेत. मोठ्या साहेबाबरोबर. व्याही तर सगळ्यांना बोलावून बोलावून सांगत होते. मी काय बोलणार? गप्प बसलो."

व्याह्यांनी निरोप दिलाय, तिकडून एक पत्र पाठवा म्हणून. वाघ-सिंह दिसले का ते लिहा. त्यांना कारखान्यात वाचून दाखवायचंय.

मी फुलाचं सासरचं नाव विचारलं. तिच्या सासरी लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, पण संपत तेव्हा पंगतीच्या पाण्याकडे होता. काहीतरी सु वरून आहे, म्हणाला.

सोमवार, २० जुलै

घरून पत्र नाही. पत्र लिहिणारीच घरात राहिली नाही, हे आज लक्षात आलं.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

सावलीत सत्तेचाळीस. नवीन साहेबांनी माझी गॅरेजमधून पंपांवर बदली केली.

काल साहेबांचं कार्ड आलं, माऊनहून. समोर हत्तीचं चित्र. रहमानने वाचून दाखवलं. जुलै अगदी बरोबर होता. मकाडीकाडीवर जमीन सिमेंटसारखी टणक, चाक दोन बोटंही रुतलं नाही. जाळीत बी अडकलं, इंजिन तापलं नाही. गावात पूर येतोय आणि आभाळात एक ढग नाही. तू असायला हवा होतास.

ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आणखी वाईट वाटलं.

आज सुट्टी. सकाळी पंखा लावला आणि व्याह्यांना पत्र लिहायला बसलो. वही नाही, पण सगळं पाठ आहे. लिहिलं, की इकडे सध्या फार थंडी, पहाटे स्वेटरशिवाय निघवत नाही. पाऊस नाही. जुलैत जमीन टणक असते, म्हणून याच मोसमात यावं लागतं. हा महिना मीच काढून दिला. हत्ती पाण्याच्या कडेला कळपाने येतात. सिंह अजून दिसला नाही. कामामुळे लग्नाला येता आलं नाही, पोटात घाला. पत्र कतारच्या ऑफिसमार्फत येईल, म्हणून तिकीट कतारचं असेल.

एकूण दोन पानं झाली. सिंह आणि तिकीट सोडलं तर बाकी सगळं साहेबांच्या कार्डाशी ताडून लिहिलंय.

शेवटी लेकीला आशीर्वाद लिहायचा. फुला लिहिलं तर तिच्या सासरी वाईट दिसेल. रहमानला विचारलं, सु वरून मुलींची काय काय नावं असतात आपल्याकडे? त्याने चार-पाच सांगितली. एकही माझ्या मुलीचं वाटेना.

'चि. सौ.' एवढं लिहून पुढे जागा सोडली, आणि 'हिला अनेक आशीर्वाद' लिहून पाकीट चिकटवलं.